सर्वांत हलका पेला

आता स्वतःच्या तोंडानं स्वतःची फजिती सांगायची म्हणजे आधी चहा लागतो. आला? बशीसकट आला ना? मग ऐका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या साहेबांनी फर्मान काढलं: हिवाळ्यात पचमढीला जायचं, दोन दिवस तंबूत राहायचं, डोंगर चढायचे आणि आपापलं ओझं आपणच वाहायचं. चहासाठी हलका पेला कोणता, याचा शोध माझ्याकडे आला. मी पुस्तकं वाचतो म्हणून मला सगळं कळतं, असा ऑफिसात गैरसमज होता. तो मीच पसरवला होता.

मग काय विचारता! सीताबर्डीवरची भांड्यांची दुकानं पालथी घातली. स्टीलचा गिलास, इनॅमलचा मग, एकेक नमुना आणून टपालाच्या काट्यावर चढवला. जिथं सरकारी लखोटे तोलायचे, तिथं मी मग तोलत होतो! कोणता हलका? कोणता खिशात मावतो? शेवटी एक नवलच सापडलं. घडीचा पेला! एकात एक बसणारी ॲल्युमिनियमची कडी. ओढली की पेला, दाबली की पानाच्या डबीएवढी चकती. पाणी भरून रद्दीवर ठेवला आणि तासभर टक लावून बसलो. थेंब गळला नाही.

"अहो, पण याची बशी कुठं दिसून नाही राहिली!" बायको म्हणाली.

"डोंगरावर बशी?" मी असा हसलो की तिनं विषयच सोडला.

स्टेशनवर पाहतो, तर आमच्या टपाल विभागातला गुलाबराव चिनी मातीची कपबशी टॉवेलात गुंडाळून हजर!

"गुलाबराव, रुखवत घेऊन निघालात काय?"

"हसून घ्या भाऊ, हसून घ्या."

पचमढीतली पहिलीच सकाळ, कडाक्याची थंडी. स्टोव्हवर चहा उकळला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटांत निघायचं!"

मी ऐटीत पेला ओढला, चहा घेतला, ओठाला लावला आणि... आई गं! पेला चहापेक्षा जास्त तापलेला. धरायला कान नाही. रुमालात धरून फुंकर मारताना डोक्यात लख्ख उजेड पडला. जन्मात मी कपानं चहा प्यालोच नव्हतो! कपातून बशीत, बशीतून पोटात. माझ्या लेखी कप म्हणजे निव्वळ वाहतुकीचं साधन! आणि चहाशिवाय मी ऑफिसचा जिना चढत नाही, डोंगर कुठून चढणार?

समोर गुलाबराव बशीतून फुर्र फुर्र करत होता.

"गुलाबराव," मी हळूच म्हणालो, "जरा बशी देता?"

"काहून गा, भाऊ?" तो अख्ख्या पचमढीला ऐकू जाईल असा ओरडला. "तुमच्या पेल्याले काय झालं?"

"अहो, हळू बोला!"

"रुखवतातली बशी हाये ते! असं तोंडी जमत नाही. अर्ज करा!"

सगळे खदखदले. घड्याळ पळत होतं. शेवटी सिगारेटच्या पाकिटामागं लिहिलं, 'विषय: बशी तात्पुरती मिळणेबाबत.' साहेबांनी माझंच पेन घेऊन शेरा मारला: 'मंजूर. मात्र परत येईपर्यंत कपबशीचे ओझे अर्जदाराने वाहावे.'

दोन दिवस ती कपबशी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून मी डोंगर चढलो आणि उतरलो. आणि माझा पेला? तो गुलाबरावच्या खिशात होता, सुपारी ठेवायला. प्रत्येक वळणावर तो खिसा थोपटून म्हणायचा,

"मस्त हलका हाये गा, भाऊ!"