भिंतीवरची तपकिरी पट्टी

मी सत्तावीस वर्षं तलासरीच्या शाळेत भूगोल शिकवला आणि स्वतःचं घर बघायला जाताना तो शाळेतच ठेवून गेलो.

निवृत्ती जवळ आली होती. भाड्याची सात घरं बदलून बायको पार वैतागली होती. "आता सामान एकदाच हलवणार, नंतर मी जागची उठणार नाही!" असं तिने बजावलं होतं. म्हणून मे महिन्यात आम्ही डहाणूला खाडीजवळचं एक घर बघायला गेलो. घरमालक चिकूचे व्यापारी होते, सगळे त्यांना शेठ म्हणत.

आत शिरताच मी खूश! भिंतींना गुडघ्यापर्यंत तपकिरी पट्टी, वर फिका पिवळा रंग.

"बघ, काय रंगसंगती आहे!" मी म्हणालो.

हिने पट्टीवरून बोट फिरवलं आणि ते बोटच बघत राहिली. (बायकांना धुळीपलीकडे काही दिसत नाही, असं मी मनात म्हटलं. मनातच!)

फ्रिज कमरेएवढ्या विटांच्या ओट्यावर. "वाकायला नको, तुझी कंबर वाचली!" विजेची बटणं डोक्याच्या उंचीवर. "नातवंडांचे हात पोचणार नाहीत!" प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार. शेठनी तर बोलणंच थांबवलं. एवढा चांगला दलाल त्यांना फुकट कुठे मिळणार?

गच्चीवर एक छोटी होडी पालथी घातलेली होती.

"शोभेला ठेवली असेल," मी म्हणालो.

हिने मला बाजूला सारलं. "शेठ, पावसाळ्यात तुम्ही कुठे राहता?"

"अच्छाडला, मेव्हण्याकडे. पण बेन, पाणी येते तसे जाते पण ना! दोन दिवसात घर एकदम साफ!"

तरी माझं चालूच. "अगं, खाडी चांगली दोनशे पावलं लांब आहे. पाणी इथवर चढायला..."

"अहो, चढून उतरलंसुद्धा! हा रंग नाही, गाळ आहे!" तिने ते तपकिरी बोट माझ्या नाकासमोर धरलं.

बयाण्यासाठी खिशात गेलेला माझा हात रुमाल घेऊन बाहेर आला.

पुढचं घर तिने एकटीने शोधलं, तेही भर जुलैत, छत्री घेऊन. पाणी कुठून येतं, कुठे जातं हे उभं राहून बघितलं, विहिरीवरच्या बायकांना विचारलं आणि तलासरीतच एका टेकाडावरचं घर पक्कं केलं. आता कितीही कोसळू दे, पाणी उताराने निघून जातं आणि आम्ही दोघं ओटीवर चहा पीत ते बघतो. फार सुखात आहोत.

दारावर पाटी मात्र माझ्या नावाची आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला निदान घर मी निवडलंय असं वाटावं, म्हणून हिनेच ती लावून घेतली!