पुण्याच्या शिबिराची पारख

जगातली कुठलीही गोष्ट जनावरांच्या बाजारातल्या रीतीने पारखता येते, यावर आमच्या व्याह्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझा गुरुत्वाकर्षणावरही नाही. आणि मी तेहतीस वर्षं अंबाजोगाईच्या शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवलं आहे. व्याही घाटनांदूरजवळच्या एका वस्तीवर राहतात. जन्मभर मेंढरं राखली, शाळेत दुसरीपर्यंत गेले ते गेले. त्यांच्या मते बाजाराची रीत एकच: विकणाऱ्याला मालाचा गुण विचारायचा नाही, आदल्या धन्याला विचारायचा. माझ्या मुलीला सून करून घेताना त्यांनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही. मी मनात म्हटलं, वा, काय मोकळा माणूस! पुढे कळलं की आमच्याकडे दूध घालणारी बाई, शेजारचा शिंपी आणि मुलीच्या वर्गशिक्षिका या तिघांची उलटतपासणी आधीच उरकली होती. मोबाईल घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला म्हणाले, "ह्यो आधी कुणापाशी हुता?" तो म्हणाला, बाबा, नवा आहे, कुणापाशीच नव्हता. "मंग ह्याचा गुण कुणाला ठावं?" असं म्हणून उठले आणि घरी येऊन लेकाचा जुना फोन मागून घेतला. त्या फोनवर ते डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे बोलतात. मध्ये फोन नसता तरी चाललं असतं.

तर आमची दोघांची मिळून एक नात आहे, स्वाती. माझ्या मुलीची मुलगी, त्यांच्या लेकाची लेक. अकरावीत गेली आणि मी ठरवलं की उन्हाळ्यात हिला एखाद्या चांगल्या विज्ञान शिबिराला पाठवायचं. निवड होऊन मुलं घेतात, महिनाभर खऱ्या प्रयोगशाळेत खऱ्या शास्त्रज्ञांबरोबर काम करायला मिळतं, असली शिबिरं हल्ली असतात. पोरीचं आयुष्य पालटून जातं हो तेवढ्याने! मी मोठ्या हौसेने इंटरनेटवरून माहिती काढली, तक्ता केला, रंगीत पेनांनी खुणा केल्या आणि वस्तीवर जाऊन व्याह्यांपुढे पसरला. त्यांनी तक्ता उचलून ताटाखाली घातला, भाकरी खाल्ली आणि म्हणाले, "नंबर सांगा गुर्जी."

मग सुरू झाली पारख. नंबर लावायचा, राम राम घालायचा आणि एकच प्रश्न टाकायचा: "तुमी न्हाई किती जनांला म्हनता?" पहिल्याच ठिकाणी एक गोड आवाज म्हणाला, "काका, आम्ही कुणालाच नाही म्हणत नाही, तुम्ही फक्त आजच्या आज नाव नोंदवा." व्याह्यांनी फोन ठेवला. "येईल त्येला आत घेत्यात. ही धर्मशाळा हाय, गुर्जी. खोडा." मी तक्त्यावर काट मारली. माझ्या तक्त्यात ते शिबिर पहिल्या नंबरावर होतं, कारण त्याचं माहितीपत्रक फार देखणं होतं. अशी चार कटली. पाचवी पुण्याची एक संस्था होती. तिथल्या बाई जरा थांबून म्हणाल्या, "आजोबा, फार जणांना नाही म्हणावं लागतं. आम्हालाच वाईट वाटतं." व्याह्यांचे डोळे चमकले. "आता आदला धनी दावा."

आदला धनी म्हणजे गेल्या वर्षी तिथं जाऊन आलेली मुलगी. ती कशीबशी सापडली तेलगावात. मी म्हटलं, फोन करू. छे! एसटीने दोघं तेलगावला गेलो आणि उसाच्या फडाशेजारी बसून व्याह्यांनी त्या बिचारीला तासभर पिळलं. खायला काय मिळतं, मास्तर हात उगारतो का, पोरींच्या राहण्याच्या जागेला कडी आतून आहे का. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, एक सांगू? तिथले सर मोठे शास्त्रज्ञ आहेत, पण येत नसलं तर सरळ म्हणतात, मला माहीत नाही, चल शोधू." व्याही उठले, पटका झटकला आणि मला म्हणाले, "ठरलं. असा मास्तर म्या अजून बघितला न्हाई." हे ते कुणाला उद्देशून म्हणाले ते मी विचारलं नाही.

आता अर्ज. त्यात एक निबंध होता: तुम्हाला पडलेला एखादा प्रश्न आणि त्याच्या उत्तरासाठी तुम्ही काय केलंत. इथं मात्र माझं राज्य! मी चार दिवस बसून विश्वाची उत्पत्ती, कृष्णविवरं आणि मानवाची अखंड जिज्ञासा यांवर असा काही निबंध स्वातीच्या नावाने लिहिला की वाचून माझेच डोळे भरून आले. व्याह्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांना सगळं वाचून दाखवावं लागतं. मी उभा राहून वाचला. ते खाली बघत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "लई झ्याक. पर ह्यात आपली पोरगी कुठं हाय?"

मला राग आला. म्हटलं, व्याहीबुवा, पुण्याच्या शास्त्रज्ञांपुढे काय मेंढरं घालायची? तर ते शांतपणे म्हणाले, "कावून न्हाई?" आणि त्यांचं बरोबरच होतं. कारण स्वातीला खरा प्रश्न मेंढरांचाच पडला होता. दुपारी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून घोळका करून उभी राहतात. आजोबांनी जन्मभर सांगितलं, उन्हासाठी. ही पोरगी वही घेऊन दोन महिने बसली. ऊन, ढग, वारा, माश्या, रोज टिपून ठेवायची. थर्मामीटर तेवढा माझा. तिच्या लक्षात आलं की ढगाळ दिवशीही मेंढरं डोकी घालतात, आणि वारं सुटलं की भर उन्हातही मोकळी चरतात. वाऱ्यात माश्या टिकत नाहीत. म्हणजे मेंढरं डोकी लपवत असावीत ती नाकात शिरणाऱ्या माशीपासून, असं तिचं म्हणणं. आणि व्याही? ते घाटनांदूरच्या बाजारात सांगत सुटले होते, "माजी पन्नास वर्सं चुकली म्हनती माजी नात! वहीत लिवलंय!" स्वतःची चूक लग्नाच्या पत्रिकेसारखी वाटत फिरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आणि मी? माझ्या आजोबांचीही मेंढरं होती. तेहतीस वर्षांत शाळेत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, सरळ सांगतो. कृष्णविवरं फाडून टाकली. स्वातीने निबंध स्वतः लिहिला, साध्या शब्दांत, आणि मी फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहिलं.

पुढे मोबाईलवर मुलाखत झाली. व्याह्यांना ताकीद होती की समोर यायचं नाही, बोलायचं नाही. ते भिंतीला टेकून श्वास रोखून बसले होते. स्वाती छान बोलत होती, एका प्रश्नाला "मला माहीत नाही" असंही म्हणाली. मग समोरच्या सरांनी हसून विचारलं, "तुझ्या आजोबांना हे पटलं का?" झालं! एक पटका भस्सकन मोबाईलपुढे आला आणि वस्ती दणाणली, "पटलं सायेब! म्या चुकलो हुतो! लेकीनं शिकीवलं मला!" मी कपाळावर हात मारला. गेलं शिबिर, संपलं सगळं!

तीन आठवड्यांनी निवड झाल्याचं कळलं. त्या दिवशी व्याही वस्तीवरून थेट आमच्या घरी आले, पाय धुतले आणि आत आले. मी पेढे आणले तर पेढा हातातच धरून बसले.

मे महिन्यात आम्ही स्वातीला आणि तिच्या आईला जीपने मांजरसुंब्याला नेलं. पुण्याची गाडी तिथं मिळते. गाडी आली, मायलेकी चढल्या, स्वातीने खिडकीतून हात केला आणि गाडी निघून गेली. तिचं तोंड नुसतं फुललेलं होतं. नंतर मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, आणि या वयात पाहूही नये. आम्ही दोघं म्हातारे ढाब्याच्या बाकावर बसलो. व्याही रस्त्याकडे बघत होते. मग हळू म्हणाले, "गुर्जी, तुमी लई पोरं धाडलीत. खरं सांगा. ही आता आपल्याजवळ ऱ्हायची न्हाई, न्हवं?"

खोटं बोलायचं फार मनात आलं. पण ज्या माणसाने मला एवढं शिकवलं त्याच्याशी खोटं बोलवेना. मी म्हटलं, "नाही, व्याहीबुवा. आता नाही राहायची."

त्यांनी पटक्याच्या टोकाने डोळे पुसले आणि मान हलवली. "मंग पुन्याची जागा आपुन बराबर निवडली."