पुस्तकातलं आणि बाबांचं

शांतवन हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी पोराला नीट पाहिलंच नसावं. भूम गावात या माणसाला निवांत बसलेलं कोणी पाहिलेलं नाही. जेवताना तो दोनदा उठतो, एकदा मिठासाठी आणि एकदा उगीच. केस कापायला गेला तर कापणारा हात जोडून म्हणतो, "अर्धे आज कापू, अर्धे उद्या या." चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थना करत असतात तेव्हा हा चपलांच्या ढिगातल्या जोड्या लावत दाराशी फिरत असतो. देवावर त्याचा विश्वास नाही असं मात्र कोणी म्हणू नये. विश्वास आहे, फक्त तो उभ्यानं आहे.

अशा माणसाला पोटापाण्याचं कामही तसंच मिळालं. हणमंतप्पांच्या खव्याच्या भट्टीवर तो वीस वर्षं दूध आटवतो. पहाटे गावोगावचे कॅन येतात, दूध मोठ्या कढईत ओतलं जातं आणि शांतवन लांब दांड्याचं उलथणं घेऊन कढईभोवती फिरायला लागतो. दुपारी खवा उतरला की घरी. इतर कामगार घामाघूम होऊन सावलीला आडवे होतात, हा त्या वेळात कॅन घासून टाकतो. हणमंतप्पा त्याच्यावर खूश असतात यात नवल नाही.

घरात बसण्याचं खातं त्याची बायको रिबका सांभाळायची. रोज संध्याकाळी ती दोन्ही लेकरांना चटईवर घेऊन बसायची, शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायची आणि बोट ठेवून ठेवून वाचायची. शांतवन चौथी शिकलेला, वाचायला बसला की अक्षरांच्या आधी त्याचे पायच वळवळायचे. तो अंगणात येरझाऱ्या घालत ऐकायचा. दाराशी आला की दोन वाक्यं कानावर पडायची, हौदाकडं गेला की दोन निसटायची. निसटलेल्या वाक्यांत काय असेल ते तो चालता चालता मनानं भरून घ्यायचा. त्याचं सगळं शास्त्र हे असं, अर्धं ऐकलेलं आणि अर्धं हौदाकडचं.

दोन वर्षांपूर्वी रिबकाची मूत्रपिंडं निकामी झाली. सोलापूरच्या दवाखान्यात अकरा दिवस होती, बाराव्या दिवशी दुपारी गेली. दफन करून घरी आल्यावर नऊ वर्षांच्या सुवार्तानं विचारलं, "आई शेवटी काय बोलली?" शांतवननं तिथल्या तिथं सांगून टाकलं की आईनं डोळे उघडले, हसली आणि म्हणाली, "प्रभू मला न्यायला आलाय. लेकरांना सांगा, रडू नका, मी पुढं जाते." चार वर्षांचा योना हे ऐकून रडायचा थांबला. सुवार्तानं ते मनात जपून ठेवलं. खरं म्हणजे शांतवन तेव्हा खाटेपाशी नव्हताच. बायकोनं कोणत्या घटकेला डोळे मिटले हेही त्याला माहीत नव्हतं. पण समोर दोन तोंडं वर करून बसलेली, आणि रिकामी जागा भरून काढायची सवय जुनी.

आता संध्याकाळची उपासना त्याच्या गळ्यात पडली. चटईवर बसून वाचणं त्याच्या बापजन्मात जमणार नव्हतं, म्हणून त्यानं आपली रीत काढली. गोष्ट सांगायची आणि ती अंगणात करून दाखवायची. योनाला रिकाम्या पिंपात घालून वरून पोतं टाकायचं, तो माशाच्या पोटातला योना. शेजारच्या तुळजाबाईंच्या कडब्याच्या गंजीला सात फेऱ्या मारायच्या, ती शास्त्रातली आरोळीनं पडलेली यरीहो शहराची भिंत. सातव्या फेरीला तिघं मिळून अशी आरोळी ठोकत की तुळजाबाईंची म्हैस दावं ताणायची.

"काय रं शांतवन, आज कोन्ता डाव?" तुळजाबाई कुंपणापलीकडून विचारत.

"आज भिंत पाडायलोत, मावशी."

"पाडा, पाडा. पर माजी गंजी तेवडी ठिवा."

गोष्टी सांगताना त्याची कढई जोरात चालायची. दावीद लढाईवर निघाला तेव्हा त्याच्या आईनं फडक्यात शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. जलप्रलयाच्या नावेत नोहाची बायको बकऱ्यांच्या लेंड्या झाडून वैतागली आणि चाळीस दिवस नवऱ्याशी भांडली. माशानं योनाला आणून ओकलं ते थेट गावच्या बाणगंगेच्या काठावर. लेकरं हसून लोळायची. घरात बाई नाही, दिवस कसे जातात ते ज्याचं त्याला माहीत, पण त्या तासाभरात घर भरल्यासारखं वाटायचं. आणि मला विचाराल तर चटणीनं देवाचं काही बिघडत नाही.

बिघडलं ते फेब्रुवारीत. महिन्यातून एकदा बार्शीहून चर्चचे पाळकसाहेब येतात, त्यांनी रविवारच्या शाळेतल्या मुलांची तोंडी परीक्षा घेतली. पत्र्याची खोली, सतरंजीवर अकरा मुलं, मागं आईबाप. पाळकांनी विचारलं, घर सोडून गेलेला उधळ्या पुत्र परत आला तेव्हा बापानं काय केलं? सुवार्ताचा हात सगळ्यांत आधी वर. सहावीत पहिली येणारी पोर, उभी राहिली आणि घडाघडा म्हणाली, "बापानं आधी पाय धुवायला पाणी दिलं. मग पेढा भरवला. मग विचारलं, किती वाजताची गाडी मिळाली, आणि जागा मिळाली का उभ्यानंच आलास."

खोलीत हशा पिकला. पाळक भले माणूस, तेही हसले, आणि मायेनंच म्हणाले, "बाळ, पेढा पुस्तकात नाही. हे कुणी सांगितलं?"

"बाबांनी," सुवार्ता म्हणाली आणि मागं वळून बापाकडं पाहिलं. शांतवन तेव्हा दाराशी चपला लावत होता. तिच्या नजरेत राग असता तर त्याला चाललं असतं. ती नुसती हिशोब चुकल्यासारखी बघत होती.

त्या दिवसापासून पोरीनं आईचं शास्त्र काढलं. शाळेतून आली की उंबऱ्यावर बसून वाचायची, हातात पेन्सिल. बाबांच्या एकेका गोष्टीची उलटतपासणी सुरू झाली. शांतवन अंघोळीला पाणी काढतोय आणि मागून आवाज येतो, "बाबा, दावीदाकडं हुरडा हाय, भाकरी हायेत. चटणी न्हाय. आन् ते आईनं न्हाय, बापानं पाठवलंय."

"भाकरी म्हणल्यावर चटणी असंलच की."

"न्हाय लिवलेली."

दुसऱ्या दिवशी: "मासा योनाला कोरड्या जमिनीवर ओकला, एवढंच हाय. बाणगंगा न्हाय."

तिसऱ्या दिवशी: "नोहाची बायको एक शब्द बी बोलत न्हाय."

"चाळीस दिवस बाई गप बसंल व्हय?" शांतवननं हसण्यावारी न्यायला पाहिलं. योना हसला. सुवार्ता नाही हसली. तिनं वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली होती, एका बाजूला पुस्तकातलं आणि दुसऱ्या बाजूला बाबांचं. बाबांची बाजू भराभर खाली चालली होती.

चटणी गेली तर गेली. पण ही पोर अशीच एक एक काढत निघाली तर कुठं जाऊन थांबणार, ते शांतवनला लख्ख दिसत होतं. भट्टीवर तो एका पाळीच्या दोन पाळ्या करायला लागला. संध्याकाळी उशिरा यायचा, आज दमलोय म्हणायचा आणि तरी हौदापर्यंत शंभर खेपा घालायचा. उपासना चार दिवस झालीच नाही. योनानं पिंपात एकट्यानं बसून पाहिलं, मजा आली नाही म्हणून बाहेर आला.

शुक्रवारी सुवार्ता भट्टीच्या दारात येऊन उभी राहिली. "येशू उठला ते हाय," तिनं सांगितलं. "शास्त्र लिवणाऱ्या चौघांनी बी लिवलंय. दगड सरकवलेला हाय, बाया पहाटंच्या थडग्यापशी जात्यात ते बी हाय. त्यात तुमचं कायच न्हाय."

"व्हय गं बाळा," शांतवन म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटलं की हातातलं उलथणं त्यानं उगीचच दोनदा कढईवर आपटलं. पण ती गेली नाही. काहीतरी विचारायचं आहे आणि इतक्या माणसांत विचारवत नाही, अशी उभी राहिली आणि मग निघून गेली.

घरी जाताना तुळजाबाईंनी त्याला कुंपणाशी गाठलं. "पोरगी दोन दिस तुज्या मागं मागं हिंडायलीय. काय तरी इचारायचं हाय तिला. आन् तू पळायलास."

"मी कशाला पळू, मावशी?"

"ते मला काय म्हाईत. म्या आपली बघायलेय."

त्या संध्याकाळी पळायला जागा उरली नाही. सुवार्तानं अंगणात चटई टाकली होती, योनाला बसवलं होतं, शास्त्र आणि वही पुढं ठेवली होती. शांतवन हौदाच्या कडेला टेकला, उठला, परत टेकला.

"बाबा, समदं बघून झालं," सुवार्ता म्हणाली. "एकच ऱ्हायलंय. आईचं. आई शेवटी बोलली ते कुटंच लिवलेलं न्हाय. ते मी कुटं बघू?"

भट्टीच्या धगीपुढं वीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला दरदरून घाम फुटला. तो म्हणाला, "ते बघायचं काय त्यात, मी सांगितलंय की. आईनं डोळं उघडलं, हसली. म्हणाली, प्रभू मला न्यायला आलाय." मग तिला पटेना असं वाटून त्यानं घाईघाईनं पुढं रेटलं, "डॉक्टर बी होते तिथं. डॉक्टरांच्या डोळ्यात पाणी आलं. ते म्हणाले, अशी बाई बघितली न्हाय."

"डॉक्टर आधी नव्हते," सुवार्ता म्हणाली.

"आं?"

"दोन वर्सं तुमी सांगायलाव. त्यात डॉक्टर कधीच नव्हते."

तिनं पेन्सिल उचलली नव्हती, वही उघडली नव्हती. खालचा ओठ दातात धरून ती नुसती त्याच्या तोंडाकडं पाहत होती. ही पोर आपल्याला खोटं पाडायला बसलेली नाही हे त्याला तेव्हा कळलं. ती देवाजवळ मागत होती, की हे एक तरी बाबांच्या बाजूला जाऊ नये. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"मी तिथं नव्हतो," तो म्हणाला.

योनानं बहिणीकडं पाहिलं.

"अकरा दिवस मला खाटंपाशी बसवलंच न्हाय. नळ्या बघवंनात. मी आपला खाली-वर, खाली-वर. गोळ्या आण, पाणी आण, कुणी न सांगता बी आण. त्या दिवशी चहा आणाया गेलतो. आलो तर पडदा ओढलेला. ती काय बोलली, बोलली का न्हाय, कुणाला हाक मारली का, मला कायबी म्हाईत न्हाय. तुमी रडायलावता म्हणून मी ते केलं. ते समदं माझं हाय."

सुवार्तानं विचारलं, "चहाला जायच्या आदी? तवा काय बोलली?"

हे मात्र त्याला माहीत होतं. दोन वर्षं तो ते शब्द अंगावर घेऊन हिंडत होता आणि कुणाला सांगितले नव्हते. "म्हणाली, अहो, बसा की जरा माझ्यापशी. चहा कुटं पळून चाललाय. मी म्हणलं, आलोच."

सुवार्ताच्या तोंडून हुंदका आला की हसू, ते सांगता येणार नाही. "हे आईचं हाय," ती रडत म्हणाली. "असंच बोलायची आई. ते प्रभू न्यायला आलाय, तसं न्हवती बोलत ती. मला लई दिस वाटायलं, आई अशी का बोलली, पावण्यावानी."

योना इतका वेळ नीट ऐकत होता. गोष्टीत काही राहिलं की विचारायची त्याला सवय होती. "बाबा, मग त्या चहाचं काय झालं?"

शांतवनच्या तोंडाशी एक उत्तर आलंही. त्यानं ते गिळलं. "आठवत न्हाय, बाळा," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गोष्टीतली एक जागा मोकळी सोडली.

सुवार्तानं डोळे पुसले आणि वही बाजूला सारली. "प्रार्थना तुमी करा," ती म्हणाली.

"मी? मला कुटं नीट येती?"

"जेवडी येती तेवडी करा. वरून घालू नका."

त्यानं डोळे मिटले. शब्द जुळेनात. पाळकांसारखी सुरुवात करून पाहिली, ती अर्ध्यात सोडली. लेकरं डोळे मिटून थांबली होती, पलीकडं तुळजाबाईंची म्हैस कडबा चघळत होती. शेवटी तो म्हणाला, "प्रभू, त्या दुपारी मी तिच्यापशी नव्हतो. तू तरी होतास का?"

आमेन सुवार्तानं म्हटलं.