चौकटी नसलेले पुस्तक

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी अशी माझी इच्छाही नाही. पोलीस खात्यात तीस वर्षांवर काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले पुष्कळ आता पुसट झाले. हे प्रकरण मात्र कॉपीराइटचे होते. ठाण्यात ज्याला कुणी गुन्हाच समजत नाही, अशा गुन्ह्याचे.

मी तेव्हा नागपूर शहरातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. हद्दीत दवाखानेच दवाखाने. सकाळी हजेरी झाली की टेबलावर पहिला कागद असे तो एखाद्या दवाखान्याच्या सूचनेचा: अपघाताचा पेशंट, विष घेतलेला पेशंट, कुठल्या तरी तालुक्याहून आणलेला आणि इथे येऊन मेलेला पेशंट. अशा हद्दीत काम करताना माणूस लवकर कोरडा होतो. मीही झालो होतो.

एका दुपारी साठीच्या पुढची एक बाई खोलीत आली. सुती साडी, घट्ट बांधलेले केस, हातात कापडी पिशवी. धंतोलीतल्या दवाखान्यांत परिचारिका म्हणून तिची सारी नोकरी गेली होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. मीही इथे तेच म्हणतो. निवृत्तीनंतर तिने एक पुस्तक लिहिले होते. दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाची काळजी कशी घ्यायची, एवढाच विषय. जखम कशी धुवायची, नळी कशी सांभाळायची, इन्सुलिन कसे टोचायचे. डिस्चार्जचे कागद इंग्रजीत असतात, खेड्यातल्या माणसाला ते वाचता येत नाहीत आणि विचारायची त्याला लाज वाटते, हे तिने आयुष्यभर पाहिले होते. म्हणून साध्या मराठीत लिहिले होते.

"साहेब, माझं पुस्तक लोकं चोरून राहिले," ती म्हणाली आणि पिशवीतून स्पायरल बांधणीची एक जाडसर प्रत काढली. "दवाखान्याबाहेर एका बाईच्या हातात पाहिली. मोबाइलवर तर फुकटच फिरून राहिली. मले न इचारता."

मी प्रत हातात घेतली. उघडली नाही. म्हणालो, "सिस्टर, लोक तुमचं पुस्तक वाचून राहिले ना? मग चांगलंच आहे. पुण्य लागेल तुम्हाला."

"ते माझं पुस्तक नाही वाचून राहिले, साहेब," ती म्हणाली. "यातून काय गळलं ते तरी पाहा. कोणाच्या जिवावर येईल."

मला बंदोबस्ताच्या बैठकीला जायचे होते. म्हातारपणी माणसे आपल्या लेखनाबद्दल हळवी होतात, असे काहीतरी माझ्या मनात आले. मी तिचा अर्ज घेतला, प्रत त्याला जोडली आणि शेरा मारला: 'दिवाणी स्वरूपाचा वाद. अर्जदारास न्यायालयात दाद मागण्याची समज दिली. अर्ज दप्तरी दाखल.'

कॉपीराइट कायद्यात हा दखलपात्र गुन्हा आहे. फौजदारापासून वरच्या कुणाही अधिकाऱ्याला बेकायदा प्रती जप्त करता येतात. मला हे माहीत नव्हते, असे म्हणायची सोय नाही. माहीत होते.

पुढे काही महिन्यांनी दवाखान्याची एक सूचना आली. कुही तालुक्यातल्या एका गावची पन्नाशी ओलांडलेली बाई. मधुमेह होता. बेशुद्धावस्थेत आणली तेव्हा रक्तातली साखर फार खाली गेलेली. तिसऱ्या दिवशी वारली. आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला, शवविच्छेदनाला पाठवले. रोजचेच काम.

दुसऱ्या दिवशी मयत बाईची मुलगी दहा-बारा माणसे घेऊन ठाण्यात आली. रडून तिचा घसा बसला होता.

"माझ्या वहिनीनं आईले मारलं, साहेब. आई जेवली नाही हे तिले माहीत होतं. तरी सुई टोचली. जाणून टोचली."

सासू-सुनेत भांडण होते का, विचारले. चूल वेगळी करण्यावरून बोलाचाली झाल्याचे दोघा-तिघांनी सांगितले. एवढे पुरेसे असते. माझ्या अनुभवाने सांगतो, घरात मृत्यू झाला की जुनी बोलाचाली पुरावा बनते. मीही मनात सून धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिला जबाबासाठी बोलावले. महिला हवालदार शेजारी बसवली. सून पंचविशीच्या आतली, दहावी झालेली. भात रोवणारे हात, नखांत चिखलाचा काळपटपणा. नवरा बाहेर बाकावर बसला होता. तो आत डोकावलाही नाही.

"सुई कोण देत होतं?"

"मीच, साहेब. बाकी कोणाले जमे नाही."

"त्या दिवशी सासूबाई जेवल्या होत्या?"

"नाही. सकाळपासून उलट्या होऊन राहिल्या होत्या. पाणीही ठरे नाही."

"मग काहून दिली सुई?"

मला प्रश्न कसा पडतो, हेच तिला कळत नव्हते. मग तिने पदराआडून मोबाइल काढला, बोट फिरवून एक पान शोधले आणि माझ्यापुढे धरले.

"पुस्तकात लिहिलं हाये तसंच केलं, साहेब. वाचा नं तुमी. 'इन्सुलिनची वेळ कधीही चुकवू नका. रोज ठरल्या वेळी, ठरलेला डोस द्या.' मी एक दिवस चुकवली नाही. भिंतीवर वेळ लिहून ठेवली होती."

पुस्तक बचत गटाच्या ग्रुपवर आले होते. मी पान मागे सरकवत पहिल्या पानावर गेलो. नाव ओळखीचे होते.

मी हवालदार बाईंना सिस्टरचा अर्ज काढायला सांगितले. दप्तरातून गठ्ठा सोडून तो शोधायला त्यांना पाच मिनिटेही लागली नाहीत. शेऱ्याखाली माझी सही होती. हवालदार बाईंनी शेरा वाचला आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

सिस्टरला फोन केला. तासाभरात ती रिक्षाने आली, सोबत छापील मूळ पुस्तक. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवली. इन्सुलिनचे पान काढले. ओळीला ओळ तीच होती. फरक एवढाच, की मूळ पुस्तकात त्या ओळीखाली करड्या रंगाची एक चौकट होती. मोबाइलमधल्या पानावर तिथे कोरी जागाही नव्हती. खालचा मजकूर वर सरकून जुळून गेला होता. मग आम्ही पाने उलटत गेलो. अख्ख्या पुस्तकात जिथे जिथे धोका होता, तिथे सिस्टरने करडी चौकट टाकून इशारा लिहिला होता. नकलेत एकही चौकट नव्हती. 'करा' सगळे होते, 'करू नका' सगळे गेले होते.

सून उठून टेबलाजवळ आली. कुणी सांगितले नव्हते. ती चौकटीवर बोट ठेवून, एकेक शब्द जोडत वाचू लागली.

'रुग्ण जेवला नसेल किंवा उलट्या होत असतील, तर नेहमीचा डोस टोचू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.'

वाचून झाल्यावर तिने सिस्टरकडे पाहिले.

"एवढंच होतं?"

सिस्टरने तिचा हात धरला. "हो वं बाई. एवढंच होतं."

सून त्यानंतर रडली. त्याआधी, सुईबद्दल मी खोदून विचारत होतो तेव्हा, ती रडली नव्हती. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आरोपीपुढे मान खाली घालायची नसते असे आम्हाला शिकवतात. इथे आरोपी नव्हतीच कुणी आणि मान तर खाली गेली होती.

त्याच दिवशी गुन्हा दाखल केला, फिर्यादी सिस्टर. नकलेच्या प्रत्येक पानाच्या तळाशी 'अशाच मोफत पुस्तकांसाठी' म्हणून एक मोबाइल नंबर होता. सिम कार्ड एका मेलेल्या माणसाच्या नावावर निघाले. तेव्हा हवालदार बाईंनीच त्या नंबरवरून चालणाऱ्या पुस्तकांच्या ग्रुपमध्ये प्रवेश घेतला आणि दोन दिवसांनी गरीब आवाजात फोन केला: मोबाइलवर वाचता येत नाही जी, छापून द्याल काय? पलीकडून लगेच उत्तर आले. सदरला या, स्पायरल करून देतो.

शहरातल्याच सदर भागात एका इमारतीच्या मागच्या बाजूला त्या फोनवरच्या माणसाचे ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान होते. पंच घेऊन गेलो. दोन संगणक, स्कॅनर, हार्ड डिस्क आणि बांधून ठेवलेल्या प्रतींचा ढीग जप्त केला. डिस्कवर शेकडो पुस्तके होती. स्पर्धा परीक्षांची, पाककृतींची, शेतीची. माणूस चाळिशीचा, पदवीधर, बोलायला अत्यंत नम्र. अशी माणसे चोरट्यांपेक्षा अवघड जातात. चोराला आपण चोर आहोत हे ठाऊक असते.

"मी फक्त फॉरवर्ड करतो, सर. कुठून तरी येते, पुढे पाठवतो. यात गुन्हा कुठला? ज्ञान आहे हे. ज्ञान वाटल्यानं वाढते."

मग कपाटाच्या तळाशी सिस्टरचे मूळ पुस्तक सापडले. पाने स्कॅनरमध्ये सुटी घालता यावीत म्हणून त्याचा कणा यंत्राने कापला होता. पहिल्या पानावर सिस्टरच्या अक्षरात, तिच्या हाताखाली काम शिकलेल्या कुणा विद्यार्थिनीला आशीर्वाद लिहिलेला होता. ती विद्यार्थिनी म्हणजे या माणसाची बायको. तिला यातले काही माहीत नव्हते, असे तिच्या जबाबात आले आणि आम्हाला ते खरे वाटले.

ते पान पुढे ठेवल्यावर त्याचा फॉरवर्डचा सूर बंद झाला.

"चौकटी कुणी काढल्या?"

"कोणत्या चौकटी?" त्याला आठवायला वेळ लागला. "ते डब्बे होय? स्कॅनमध्ये काळे येत होते, सर. शाई खात होते. मीच उडवले. फाइलही हलकी झाली."

"त्यात काय लिहिलं होतं, वाचलं?"

"नाही जी. कोण वाचत बसते?"

मी त्याला कुहीच्या बाईबद्दल सांगितले. त्याचा चेहरा उतरला हे कबूल केले पाहिजे. पण थोड्या वेळाने तो म्हणाला, "पण सर, पुस्तकावर नाव तर त्या मॅडमचं आहे ना?"

एवढ्या वर्षांत मी कुणा आरोपीच्या अंगावर हात टाकायचे टाळत आलो. त्या दिवशी टाळायला कष्ट पडले.

त्याच्यावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचे कलम लावायचेच, असे मी ठरवले होते. कागद घेऊन सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळे वाचले.

"साहेब, दुकानदार आणि मयत यांच्यामध्ये सुनेचा हात आहे," ते म्हणाले. "सुई तिनं टोचली. हे कलम लावाल तर पहिली आरोपी ती, दुकानदार दुसरा. आणि मी तुम्हाला आजच सांगतो, दुसरा सुटेल. पहिली अडकेल."

मी ते कलम लावले नाही. कॉपीराइटचे तेवढे लावले. त्याला जामीन मिळाला. खटला माझ्या निवृत्तीपर्यंत तारखांवर होता, अजूनही असेल. त्याच्या दुकानाची पाटी बदलली आहे, दुकान तिथेच आहे.

सुनेला मी निर्दोष ठरवून अहवाल दिला. नणंदेने तक्रार सोडली, पण वहिनीशी बोलणेही सोडले. सिस्टर अधूनमधून त्या गावी जाते. तिने सांगितले, की घरात सुनेला कुणी टाकून बोलत नाही. मात्र कुणाला ताप आला, तरी गोळी तिच्या हाती देत नाहीत. पाण्याचा पेला तेवढा आणायला सांगतात.

सिस्टरने पुढे जे केले ते मला रुचले नव्हते. तिने सगळ्या चौकटी मोडून इशारे ओळींतच घातले आणि पुस्तक स्वतःहून फुकट, सर्वांसाठी खुले करून टाकले. मी म्हणालो, "सिस्टर, आता तर गुन्हा दाखल आहे. हक्क तुमचा आहे. तो काहून सोडता?"

"हक्क घेऊन काय करू, साहेब?" ती म्हणाली. "चुकीचं फुकट भेटून राहिलं अन् बरोबर विकत. लोकं काय घेतील?"

याचे उत्तर तिला मी त्या पहिल्या दुपारी द्यायला हवे होते.

या प्रकरणाने मला जे शिकवले ते कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितले नव्हते. ज्या चोरीत मालकाच्या घरातून काही नाहीसे होत नाही, ती आम्हाला चोरी वाटत नाही. आम्ही पोलीस फुटलेले कुलूप शोधतो. लिहिणाऱ्याचा हक्क म्हणजे त्याच्या चार पैशांची बाब, असा माझा समज होता. पण आपण लिहिले ते आपण लिहिले तसेच लोकांपर्यंत जावे, हाही त्याच हक्काचा भाग आहे, आणि खरे तर तोच मोठा. पुस्तक लिहिणारी बाई प्रत्येक शब्दाला बांधलेली होती. नक्कल करणारा एकाही शब्दाला बांधलेला नव्हता. आणि त्या दोघांच्या मध्ये कायद्याने ज्याला बसवले होते, तो घड्याळ पाहत होता.

आता मी निवृत्त आहे. गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर शेजारच्या गृहस्थांनी एक पीडीएफ टाकली. 'अतिशय उपयुक्त, जपून ठेवा.' उघडून पाहिली. तीच जुनी नक्कल, तळाशी आता नंबर दुसरा. मी लगेच लिहिले, की हे पुस्तक धोकादायक आहे, यातले इशारे काढून टाकलेले आहेत, कृपया पुसा, आणि सिस्टरची बरोबर प्रत सोबत जोडली.

चार जणांनी हात जोडल्याची चित्रे टाकली. पीडीएफ कुणी पुसली नाही.