पिवळी साडी आणि माझं खासगीकरण

सगळ्या सरकारी सेवा विकून टाकाव्यात असं माझं ठाम मत होतं, आणि ते मी सरकारी पगारावर मांडत असे. लोहाऱ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मास्तर. सरकारी सेवांमध्ये आपली शाळाही येते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

दर दिवाळीला कळंबला बहिणीकडे गेलो की दाजींशी वाद ठरलेला. दाजी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. मी म्हणायचो, "दाजी, एसटी खासगी करा. स्पर्धा आली की सगळं आपोआप सुधारतं."

दाजी सुपारी कातरत म्हणायचे, "पाव्हणं, बिघडलंय ते दुरुस्त करावं. विकून काय हुतंय? ज्या गावाला चारच माणसं चढत्यात, तिथं कोण गाडी नेतंय?"

यावर मी आवाज वाढवायचो.

गेल्या उन्हाळ्यात भाचीचं, पल्लवीचं लग्न निघालं. आमच्याकडे नवरी उभी राहते ती मामाने आणलेल्या पिवळ्या साडीत, आणि तिला मांडवात आणतो तोही मामाच. एकुलता एक मामा मी! बायको दोन दिवस आधीच कळंबला गेली. साडी मात्र माझ्याकडे राहिली, कारण टेलरने ब्लाउज लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दिला. (टेलरचा धंदाही खासगीच, पण तेव्हा हे सुचलं नाही.)

त्याच संध्याकाळी दाजींचा फोन आला. "सकाळी साडेसातच्या गाडीनं निघा, धाराशिवला गाडी बदला. मुहूर्त बारा पस्तीसचा हाय."

"मी जीपनं येतो, दाजी."

"जीपनं? कशाला?"

"तत्त्व म्हणून."

पलीकडे सुपारी कातरल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. साडी तेवढी संभाळा."

सकाळी सातलाच मी जीपमध्ये जाऊन बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "बसा गुरुजी, निघालीच." आमच्या भागात 'निघालीच' म्हणजे अजून नऊ माणसं यायचीत. साडेसातची एसटी आली. कंडक्टरने दारातून विचारलं, "गुरुजी, धाराशिव का? जागा हाय." मी मोठ्या दिमाखात हात हलवून गाडी पुढे घालवली. जीपने मग गावाला दोन चकरा मारल्या आणि होती तिथंच येऊन उभी राहिली. शेवटी न राहवून मीच खाली उतरलो आणि "धाराशिव, धाराशिव!" असं ओरडायला लागलो. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई वाटेने चालली होती. ती थांबून म्हणाली, "गुरुजी, शाळा सोडली का काय?"

सव्वाआठला निघालो तेव्हा ड्रायव्हर सोडून आत चौदा माणसं होती. माझ्या मांडीवर एका आजोबांचं टोपलं आलं, त्यामुळे साडीची पिशवी टपावर गेली. अर्ध्या वाटेत ड्रायव्हरला फोन आला आणि पुढच्या फाट्यावर त्याने गाडी थांबवली. तिथं एक कुटुंब उभं होतं. त्यांना तुळजापूरला दर्शनाला जायला अख्खी जीप हवी होती.

"उतरा समदे. मागनं दुसरी गाडी यील."

"अरे, पण आम्ही आधी बसलोय!"

"गुरुजी, तुमीच सांगताव न्हवं, जिकडं फायदा तिकडं धंदा?"

(हे मी त्याला खरंच सांगितलं होतं, त्याच्याच जीपमध्ये बसून.) जीप गेली. मी फाट्यावरच्या तेरा जणांना ग्राहकाच्या हक्कांवर चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. ऐकवून झाल्यावर लक्षात आलं की पिशवी टपावरच राहिली!

जीप गेली त्या दिशेने मी थोडा पळूनही पाहिलं. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून जत्रेला आलेली पोर, आणि तिच्या लग्नात मामा हात हलवत जाणार. तेवढ्यात एसटी दिसली. आम्ही सगळे रस्त्यात आडवे झालो. कंडक्टर एक तरुण बाई होत्या. मी तिकीट मागायच्या आधी रडगाणंच सुरू केलं.

"जीप कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"तुळजापूरला."

"मग घाबरू नका. जीपवाला कुठंबी जाऊ द्या, परतीचं पाशिंजर धराय आमच्याच स्टँडच्या दारात उभा ऱ्हातो." त्यांनी तुळजापूरच्या नियंत्रकांना फोन लावला. "जीप कसली?"

"पांढरी."

"समद्या पांढऱ्याच असत्यात."

टोपलंवाले आजोबा मदतीला आले. "मागं 'आईची कृपा' लिवलंय."

"त्येबी समद्यांवर असतंय, बाबा."

शेवटी टपावरची फाटकी निळी ताडपत्री कुणाला तरी आठवली. आम्ही धाराशिवला पोचेपर्यंत फोन आला. पिशवी मिळाली होती आणि ती कळंबला जाणाऱ्या एसटीत बसून धाराशिवकडे निघालीही होती.

ती गाडी आली तेव्हा कंडक्टर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. "वळख पटवा. आत काय हाय?"

"पिवळी साडी."

"काठ कसला?"

साडी बायकोने घेतलेली! फोन करून विचारलं असतं, पण मग तिला सगळंच सांगावं लागलं असतं. अखेर ब्लाउजला टाचलेल्या टेलरच्या चिठ्ठीवर माझं नाव निघालं. तोवर साडी गाडीतल्या बायकांच्या हातात फिरली होती, आणि मामाने काठ बारीक घेतला, यावर त्यांचं एकमत झालं होतं.

गाडीच्या खिडक्या इतक्या खडखडत होत्या की कळंबपर्यंत मला स्वतःचे विचारही ऐकू आले नाहीत. बरंच झालं. लग्नाचं कार्यालय रस्त्यालाच होतं. अख्ख्या गाडीने एका आवाजात ड्रायव्हरला सांगितलं आणि बारा वीसला लाल एसटी थेट मांडवाच्या दारात उभी राहिली. दारात दाजी! त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फक्त म्हणाले, "पळा आत."

आत नवऱ्याकडच्या बायका पल्लवीला दुसरी पिवळी साडी नेसवायला निघाल्या होत्या. ती म्हणत होती, "माझा मामा येतोय." मला पाहिल्यावर ती हसली, आणि रडलो मी.

त्या दोन्ही कंडक्टरांची आणि तुळजापूरच्या नियंत्रकांची नावं विचारायचीही मला शुद्ध नव्हती. मी दाजींचा मेहुणा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. एक गोंधळलेला प्रवासी, एवढ्यावरच त्यांनी हे केलं. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

जेवताना मी दाजींपुढे हात जोडले. ते म्हणाले, "खिडक्या खडखडत्यातच की. त्या नीट करा म्हणून नोकरीभर वर लिहीत आलो. लिहायचं सोडायचं नसतंय."

नवऱ्या मुलाचे काका पंगतीत शेजारी होते. ते म्हणाले, "काय गुरुजी, तुम्ही म्हणं समदं इकायला काढलंय?"

मी म्हटलं, "चुकलं आमचं. एसटी राहू द्या. विकायचंच असेल तर आधी मला विका."

बायको जिलबी वाढत होती. ती न थांबताच म्हणाली, "ह्यांना कोण घेतंय? घरातल्या घरातच दुरुस्त करावं लागतंय. पंचवीस वर्षं झाली, काम चालूच हाय."