ड्रायव्हरचा मान

हे माझ्या बायकोला माहीत नाही. बहिणीला नाही, आणि जिच्या लग्नात हे घडलं त्या माझ्या भाचीला तर नाहीच नाही. सहा वर्षं मी तोंडाला कुलूप घालून बसलोय. आज सांगतोय ते मन मोठं झालं म्हणून नाही — संताप आलाय म्हणून. स्वतःचाच. आणि थोडा तुमचाही, कारण तुम्हीही कधीतरी कुठल्यातरी मांडवामागे उभे राहिलेले असणारच.

मी नवरीचा मामा. आमच्या पोशीर गावाकडे लग्नातला मानपान मामा बघतो — कुणाला साडी, कुणाला टॉवेल-टोपी, कोण रुसलं, कोण न जेवता उठलं. या कामात माझा हात धरणारा गावात कुणी नाही, असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचो. वऱ्हाडाच्या टेंपोवाल्याचाही मान असतो. टॉवेल, टोपी, नारळ. आणि मांडवाच्या मागे, आचाऱ्याच्या पातेल्यांच्या आडोशाला, एक ग्लास. स्टीलचा. म्हणजे कुणा बाईमाणसाने पाहिलंच तर पाणी वाटावं. कुठल्या शहाण्याने ही रीत काढली? तीस माणसांचा जीव ज्याच्या हातात द्यायचा त्यालाच आधी पाजायची — आणि वर त्याला मान म्हणायचं!

वऱ्हाड खालापूरकडचं होतं. टेंपोवाल्याचं नाव दिनेश. पस्तिशीचा, अंगाने बारीक, गाडी स्वतःची. जेवणं उरकली होती, ऊन अजून कडक होतं. मी त्याला मागे नेलं. त्याने टोपी घातली, नारळ घेतला, आणि ग्लास बघून हात मागे घेतला.

"नको मामा. सोडलीय मी. चार वरसं झाली."

इथे थांबायला मला काय झालं होतं? चार वर्षं सोडलेला माणूस समोर उभा राहून सांगतोय — आणि मला काय वाटलं असेल? अपमान. माझा अपमान!

"आमच्या दारातनं कोरडा गेलास तर सोयरे काय म्हनतील रं?"

"गाडीत बायका-पोरं हायत, मामा."

"एवढ्यानं काय होतंय? धर."

"नाय, खरंच नको."

मग मी म्हणालो, आमचा मान तुला नको, असं नवऱ्याच्या बापाला जाऊन सांगू का? बिचाऱ्याला पुढच्या लग्नांची कामं त्याच घरातून मिळायची. त्याने ग्लास घेतला. तो रिकामा होईपर्यंत मी समोरून हललो नाही. दुसरा मीच भरला. तिसऱ्या वेळी ग्लास त्याने पुढे केला — न बोलता, माझ्याकडे न बघता. मी तोही भरला.

हा तिसरा ग्लास लक्षात ठेवा. त्याच्या आडून मी सहा वर्षं जगलोय.

तो ताठ चालत गेला. अरुंद गल्लीतून टेंपो असा सफाईने मागे घेतला की मी मनात म्हटलं, बघ, उगाच नखरे करत होता. टेंपोत पुढेच नवऱ्याची आत्या बसली होती, यमुनाआत्या. साडीवरून सकाळी तिने मला चांगलंच फैलावर घेतलं होतं, मग साडी बदलून दिल्यावर हसली होती. जाताना ओरडली, "मामा, या आता आमच्या घरला, मंग बघते तुमाला!" सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो.

कर्जतच्या अलीकडे, कालव्याच्या पुलाआधी वळण आहे. सकाळी येताना त्याने ते सहज घेतलं होतं. टेंपोत बसलेल्यांनी नंतर सांगितलं — वळण आलं, पण गाडी सरळच जात राहिली. ब्रेक लागला तो शेताच्या बांधावर. टेंपो उलटला. चौघांची हाडं मोडली, दिनेशचा खांदा निखळला. यमुनाआत्या जागीच गेली. नवी साडी पिशवीत तशीच होती.

पोलिसांनी विचारलं, ड्रायव्हर दारू कुठे प्यायला? मी म्हणालो, येतानाच घेऊन आला असेल, आमच्याकडे असलं काही चालत नाही. खाली सही केली. पुढच्या ग्रामसभेत तर मी उठून दारुड्या ड्रायव्हरांवर भाषणही ठोकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किळस येते ना? मला तेव्हा आली नव्हती, हेच सांगतोय.

दिनेशने माझं नाव कुठेच घेतलं नाही. मी प्यायलो, मी चालवली, एवढंच बोलला. ते खरंही आहे. प्यायल्यावर चावी त्याने लावली, त्याची शिक्षा त्याने भोगली. माझ्या वाटणीचं कुणी विचारलंच नाही.

एकीने विचारलं. त्याची बायको, वनिता. महिन्याभराने दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं, आली नाही. पाणीही नको म्हणाली. भांडली नाही, रडली नाही.

"मामा, तुमी व्हता ना तिथं? येवढंच सांगा. त्यांनी सोताहून मागितली का?"

तो तिसरा ग्लास माझ्या डोळ्यांसमोर आला. आणि मी म्हणालो, "हो. मागितली."

ती मान हलवून गेली. त्याच आठवड्यात मुलांना घेऊन माहेरी गेली, भिवपुरीला. परत आली नाही. दारू प्याल्याचं तिने कदाचित पोटात घातलं असतं. पण चार वर्षांनी आपणहून मागितली — ते नाही. दिनेश सुटून आला तो रिकाम्या घरात. आता नेरळला एका दुकानात सिमेंटच्या गोण्या उचलतो. मला बघितलं की "बरं हाय ना मामा?" म्हणतो. शिवी का देत नाही हा माणूस? गचांडी का धरत नाही?

गेल्या महिन्यात गावात लग्न होतं. मांडवामागे कुणीतरी ड्रायव्हरच्या हातात स्टीलचा ग्लास देताना मी पाहिलं. धावत जाऊन तो मातीत ओतला. सगळे म्हणाले, मामा दारूच्या किती विरोधात आहेत! मी ऐकून घेतलं. तेव्हाही बोललो नाही.

दिनेशने मागितली नव्हती. तीन वेळा नको म्हणाला होता. तिन्ही वेळा मी ऐकलं होतं.

भिवपुरी माझ्या घरापासून मोटारसायकलवर फार लांब नाही. वनिताचं घर मला माहीत आहे. हे तिला सांगायचं होतं, आणि मी तुम्हाला सांगतोय.