एका जागेसाठी केलेली नक्कल

हसत-हसत मी हजार गोष्टी सांगत आलोय. ही नाही सांगितली. बायकोला नाही, आमच्या आबांना नाही. लोक म्हणतात, याच्या पोटात काही राहत नाही. राहतं हो. हे राहिलंय.

मी फैजपूरचा. शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मार खाल्ला, आणि पुढच्याच गॅदरिंगला त्यांनीच ती स्टेजवर करायला लावली. केळीचा व्यापारी, एसटीचा कंडक्टर, शेजारचे मारवाडी शेठ — माणूस एकदा पाहिला की माझ्या अंगात शिरतो. ठरवून नाही. आधी हात शिकतात, मग आवाज. तो माणूस सुखात आहे की दुःखात, हे नंतर कळतं. कधी कळतही नाही.

असा मी मानसशास्त्राचा डॉक्टर झालो. हसा खुशाल. पुण्याला पीएच.डी. केली, ती उंदरांवर. सोबत शिंदखेड्याचा प्रल्हाद. त्याचेही उंदीरच. मग दोघं जळगावला एका कॉलेजात शिकवायला लागलो, एकाच खोलीत राहायला लागलो. नावापुढे डॉक्टर, आणि पेशंट म्हणून एक माणूस पाहिलेला नाही. घरमालकीण अक्का एकदा डोकं दुखतं म्हणून गोळी मागायला आली. म्हटलं, अक्का, तुम्ही उंदीर असता तर काहीतरी केलं असतं.

प्रल्हादला याचं हसू यायचं नाही. त्याला पेशंट बघायला शिकायचंच होतं. पण शिकवणार कोण? अख्ख्या खानदेशात तशी सोय नाही. अशात, दुष्काळ पडला त्याच्या आदल्या साली, बातमी आली — लांबच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात पीएच.डी. झालेल्यांना वॉर्डात ठेवून वर्षभर शिकवणार. राहायला क्वार्टर, घरचं माणूस सोबत नेता येईल. आमच्या भागाला एकच जागा. अर्ज दोघांनी केला.

प्रल्हाद सारखा त्या क्वार्टरचं विचारायचा. दोन खोल्या असतील का, दाराला आतून कडी असेल का. मी म्हणायचो, "तुला सड्याला क्वार्टर कशाला रे? उंदीर पाळणार?" तो म्हणायचा, "असंच."

मला माहीत होतं कशाला ते. हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर परत गिळून टाकीन.

त्या आधीच्या उन्हाळ्यात मी एका लग्नाला शिंदखेड्याला गेलो होतो. त्याला न कळवता घरी डोकावलो. तो बाजारात गेलेला. ओसरीत एक बाई बसली होती. पदराच्या टोकाला गाठ मारायची, सोडायची, परत मारायची. मला पाहून ती अंग चोरून बसली, आणि अगदी हळू म्हणाली, "दार लाय रे भाऊ, त्या उनात."

‘ते आले’ म्हणे. कोण आलं होतं? कुणीच नाही. तरी मी दार लावलं. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "परल्हादनी माय शे ती. घाबरू नका भाऊ. दार लायं का गप बसस. तो बी दिवसभर तेच करस." म्हणजे याच्यासाठी हा मानसशास्त्र शिकला! मी बराच वेळ त्या माउलीसमोर बसलो. शेजारणीला नाव न सांगता, प्रल्हाद यायच्या आत निघून आलो. तो लपवतोय ना, मग लपवू दे — असं म्हटलं. तेव्हापर्यंत मी बरा माणूस असेन.

निवड धुळ्याला होती. त्या मनोरुग्णालयातून एक मोठ्या डॉक्टर मॅडम येणार होत्या. त्यांची पद्धत आम्हाला आदल्या दिवशी कळली — एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं त्याला बोलतं करायचं, मग उलट. कुठला पेशंट व्हायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. संध्याकाळी धर्मशाळेत प्रल्हाद डोळे मिटून प्रश्न पाठ करत होता. मी काय करत होतो?

मी जिन्यात बसून टॉवेलच्या टोकाला गाठ मारत होतो. सोडत होतो. परत मारत होतो.

म्हणजे ऐन वेळी सुचलं, तोंडून निघून गेलं — असलं काही नाही. मी तालीम केली.

दुसऱ्या दिवशी पेशंट आधी मी झालो. प्रल्हादनं नाव विचारलं. मी गाठ मारली. त्यानं गाव विचारलं. मी गाठ सोडली. त्याचा आवाज बारीक झाला. मग मी अंग चोरलं आणि म्हणालो — तेच. तोच आवाज, तेच शब्द.

प्रल्हाद उठला आणि त्यानं जाऊन दार लावलं.

कडी घातली. आणि कडीवर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून तसाच उभा राहिला. मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, पुढचा प्रश्न?" तो वळला नाही. त्यांनी परत विचारलं. त्याचे खांदे हलत होते. मी पेशंट होतो, मला बोलायची मुभा नव्हती — किती सोयीचं, नाही का? मॅडम मला हळूच म्हणाल्या, पेशंटच्या भासाला जो स्वतः उठून दार लावतो, त्याला वॉर्डात कसं सोडायचं? पुढे तो पेशंट झाला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मी छान धीर देत, हळुवार प्रश्न विचारले. जागा मला मिळाली.

एसटी स्टँडवर त्यानं मला भजी खाऊ घातली. म्हणाला, "माफ कर यार. तू एवढं खरं केलंस, आणि मी कच्चा पडलो. तुझीही परीक्षा बिघडवली असती." त्याला वाटलं, योगायोग. मी काय म्हटलं? म्हटलं, "चालायचंच रे." मी त्याला माफ केलं. वर त्याला बरं वाटावं म्हणून मॅडमची नक्कल करून दाखवली. तो हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

मी वर्षभर शिकून आलो. त्यानं कॉलेज सोडलं, माय आता एकटी राहू शकत नाही, एवढंच सांगून. गावातच शाळेत शिकवतो.

मागच्या महिन्यात तो जळगावला माझ्या दवाखान्यात आला. केस पांढरे व्हायला लागलेत. खुर्चीच्या कडेवर बसून, घसा खाकरून, मान खाली घालून त्यानं सांगितलं — "तुला कधी बोललो नाही. माझी माय आजारी असते. खूप वर्षं झाली." मी भुवया उंचावल्या. अरेरे म्हटलं. कधीपासून, झोप लागते का, जेवते का — सगळं विचारलं. जाताना त्यानं माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "एकदा तुझ्याकडे आणू का तिला?"

तिनं मला पाहिलंय. ओळखेल का? माहीत नाही. खरं म्हणजे माझी भीती तेवढीच आहे, तिच्या आजाराची नाही.

मी म्हटलं, दिवस कळवतो.

अजून कळवलेला नाही.